आण्णांचं सातवं पाणी

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या गुरुवारी. गाठ निघेल, माणूस राहील, आवाज जाईल.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते आधीच घोगरं घोगरं बोलत होते. त्यांनी विचारलं, "समदाच?"

"सगळाच, काका. श्वास इथून घ्यायचा," म्हणत डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं.

आण्णांनी मान हलवली. मंडईत व्यापाऱ्यानं वांग्याचा भाव पाडून सांगितला की हलवतात तशी. मी मात्र पिशवीतून वही काढून सगळं लिहून घेतलं. तारीख, तपासण्या, काय खायचं, काय नाही. लिहून घ्यायची मला सवय आहे. कन्हेरीच्या आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. मुलांच्याही आधी. बी.कॉम., पहिला वर्ग. बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात कायमची नोकरी. कुणाला हा गर्व वाटला तर वाटू दे. ते मिळवायला काय लागलं ते मला आणि आण्णांना माहीत आहे.

गुरुवारपर्यंत नऊ दिवस होते. एसटीत आण्णा खिडकीशी बसले आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि एकच गोष्ट डोक्यात येत होती. मला त्यांचा तो आवाज पुन्हा एकदा ऐकायचा होता.

तो आवाज म्हणजे काय, ते सांगायला हवं. घरात आण्णा मोजकं बोलायचे. "पानी दे." "वाफ्याचं दार बदल." "आली का गं?" संपलं. पण आण्णांना गळ टाकून मासे धरायचा नाद होता. आम्ही माळवं पिकवणारी माणसं, मासेमारी हा आमचा धंदा नव्हे. रानात पाणी नसेल त्या दिवशी, वांग्या-दोडक्याचा तोडा नसेल त्या दिवशी, ते बांबूची काठी, तंगुसाची दोरी आणि गांडुळांचा डबा घेऊन पहाटे निघायचे. मी तिसरीत असताना एकदाच मला बरोबर नेलं होतं. कुठल्या तळ्यावर ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आण्णा उकिडवे बसले, गळाच्या दोरीला बांधलेला मोरपिसाचा दांडा पाण्यावर उभा राहिला, आणि आण्णा खालच्या माशाशी बोलायला लागले.

"या... या माज्या राजा... घाई न्हाय. आमाला बी घाई न्हाय. बघ वास घिऊन. आवडलं तर खा, न्हाय तर ऱ्हाऊ दे... या..."

इतकं मऊ मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्याशीही नाही, आईशीही नाही. मला तेव्हा त्या माशाचा हेवा वाटला होता.

तर ते पुन्हा ऐकायचं. जमलं तर फोनवर धरून ठेवायचं. गुरुवारच्या आधी. त्यासाठी आण्णांना एकदा पाण्यावर न्यायचं. एवढंच माझं काम होतं, आणि मी ते ऑफिसच्या कामासारखं हातात घेतलं. तिथंच चुकलं.

कारण आण्णांचा एक नेम होता. मासे धरायला निघालं की कुठल्या पाण्यावर चाललो ते नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर त्या पाण्यानं पाठ फिरवलीच म्हणून समजा. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निघाला?" तर लगेच म्हणायचं, "रानात," आणि मागं न बघता चालायचं. उत्तर अडलं, जीभ चाचरली, तर सरळ माघारी फिरायचं, काठी वळचणीला लावायची आणि त्या दिवशी पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. आई म्हणूनच काही विचारायची नाही. भाकरीवर ठेचा ठेवून फडकं बांधायची आणि न बोलता त्यांच्या हाताशी सरकवायची. गावातले म्हातारेही हे पाळत. काठी दिसली तर दुसरीकडं बघत.

हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून बघितलं होतं. पण मी शिकलेली. मला वाटलं, अशा वेळी कसला नेम घेऊन बसायचं?

बुधवार ते शुक्रवार तपासण्यांत गेले. रक्त, छाती, हृदय. दुपारी ऑफिसात बसून मी तक्ता केला. नकाशावर बघून आसपासची सहा पाणी काढली. शिर्सुफळ, मदनवाडी, भादलवाडी, शेटफळ, तरंगवाडी आणि पळसदेवच्या अंगाला उजनीचा फुगवटा. अंतर किती, रस्ता कसा, पाण्यापर्यंत गाडी जाते का, आण्णांना किती चालावं लागेल, सावली आहे का. तळी ठेक्यानं जातात, म्हणून कुणाला विचारावं लागेल तेही. शेटफळ सोयीचं दिसलं. माझी मैत्रीण लासुर्ण्याला दिलेली आहे, तिच्या दिरानं ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "म्हाताऱ्या मानसाला गळ टाकायला कोन नको म्हनतंय?" झालं. रविवार, सकाळी सहा, शेटफळ.

शुक्रवारी संध्याकाळी मी तो तक्ता छापून आण्णांपुढं ठेवला. त्यांना सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. मी वाचायला तोंड उघडणार, तर त्यांनी कागदावर पंजा ठेवला.

"काय हाय ह्ये?"

"रविवारचं. आपण मासे धरायला जायचंय, आण्णा. मी सगळं ठरवलंय."

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा. "तू येनार?"

"स्कूटीवर नेते की तुम्हाला."

"मॅडम गाडी चालवनार आन मी मागं बसनार," ते आईला म्हणाले. "काठी कुठं धरू? आडवी धरली तर समद्या बारामतीच्या टोप्या काडंल." आणि हसले. हसताना खोकला आला, बराच वेळ राहिला. पण हसले. कागदाची त्यांनी न उघडता घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शनिवारी त्यांनी काठी काढली. तिला तेलाचा हात लावला, तंगूस ओढून बघितलं, न्हाणीच्या पाठीमागची ओली माती उकरून गांडुळं डब्यात भरली. आई कितीतरी दिवसांनी चुलीपुढं गुणगुणत होती. आणि मी काय केलं? भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आण्णांना भेटायला कोण कधी येतंय ते त्यावर चालू होतं. रविवारी कुणी येऊन परत जायला नको म्हणून मी लिहिलं, 'उद्या आण्णांना घेऊन शेटफळ तलावावर मासे धरायला जात आहे. सकाळी ६. कृपया कोणी येऊ नये.' खाली हात जोडलेलं चित्र.

दोन तासांनी थोरले चुलते दारात. "आण्णा, शेटफळला निघालायसा म्हनं! झ्याक! येताना आमाला बी आना दोन."

त्यांच्या मागून वाटेवरनं कुणीतरी ओरडलं, "शेटफळला चिलापी लई हाय, आण्णा! मरळ मिळायची न्हाय!"

आण्णा तेव्हा काठी पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं. उठले, काठी वळचणीला लावली, डब्याचं झाकण काढलं आणि गांडुळं परत ओल्या मातीवर ओतली. एक एक करून मातीत जाईपर्यंत तिथंच उभे राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तेवढा आवाज तरी ऐकला असता.

चुलते गेल्यावर मी म्हटलं, "आण्णा, असं काही नसतं. माशाला काय कळतं आपण कुठं चाललो ते?"

आईच बोलली. "माशाला न्हाय कळत, बाई. मानसाला कळतं."

रविवार घरातच गेला. सोमवारी मी ऑफिसात रजा टाकली. सोमवारची दुपार, मंगळवार, आणि बुधवारी दवाखान्यात दाखल व्हायचं. मी आण्णांच्या खाटेशी बसले. म्हटलं, "शेटफळ राहू द्या. मी कुणाला सांगत नाही. फक्त तुम्ही मला सांगा, कुठं जायचं?"

ते छताकडं बघत राहिले.

"बरं, दिशा सांगा. इंदापूरच्या अंगाला की भिगवणच्या?"

त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढलं.

"आण्णा, परवा..." एवढं बोलले आणि थांबले. पण माझं थांबणं खोटं होतं. पाणी प्यायला उठले आणि परत येऊन तेच विचारलं. चहा देताना विचारलं. संध्याकाळी गोठ्यात विचारलं. मी हिशेब शिकलेली बाई. माझ्या डोक्यात तास होते. एवढे तास राहिले, त्यातले एवढे झोपेचे, एवढे खोकल्याचे. आणि त्या उरलेल्या तासांत माझा बाप गप्प बसला होता, कारण त्यानं ज्याचं उत्तर कधीच कुणाला दिलं नाही तोच प्रश्न मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते. नुसतं उठून, गाडी काढून, "चला" म्हटलं असतं तर ते मागं बसले असते. एवढं सोपं होतं. ते मला आज सुचतं. तेव्हा मला आधी ठरवायचं होतं.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "बस हितं. तुजी वही आन."

मी वही आणली. फोनही आणला, रेकॉर्डिंग चालू करून वहीखाली ठेवला. आण्णांनी घसा खाकरला. आवाज अगदी खरखरीत येत होता, पण येत होता.

"पयलं शिर्सुफळ," ते म्हणाले.

त्यांनी नाव घेतलं होतं. मी लिहायला लागले.

"शिर्सुफळला उगवतीच्या अंगानं जायाचं. मावळतीला गाळ हाय, पाय अडकतो. बाभळीचं खोड पडलंय पान्यात, त्याच्याखाली मरळ ऱ्हाती. कनकेला यायची न्हाय, तिला जित्तं पायजे. बेडकाचं पिल्लू." दम खाल्ला. "मदनवाडी. तितं ऊन चढल्याव जायाचं. समदी पहाटं जात्यात आन माघारी येत्यात मोकळी..."

मी लिहीत होते. हात दुखायला लागला तरी लिहीत होते. भादलवाडीला बगळे विणीला बसतात तेव्हा जायचं नाही, पाणी घाण होतं आणि पाखरांना त्रास होतो. तरंगवाडीत वाम धरली तर हातात फडकं घेऊन धरायची. शेटफळला कालव्याचं पाणी सुटलं की तिसऱ्या दिवशी मासा तोंडाशी येतो. मला सांगता येत नाही मला किती आनंद झाला होता. अख्ख्या आयुष्यात ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मी मधेच म्हटलंसुद्धा, "आण्णा, हे तर पुस्तक होईल."

"कर की पुस्तक. तुज्या हातात हाय ते," ते म्हणाले. "आता उजनीचा फुगवटा..."

आई ताटं घासून पदराला हात पुसत आत आली. उंबऱ्यातच थांबली. "काय चाललंय?"

"आण्णा सगळी पाणी सांगतायत," मी म्हटलं. खुशीत.

"नावं घिऊन?"

"हो, नावं घेऊन. पाच झाली."

आई भिंतीला धरून खाली बसली. तोंडाला पदर लावला. ती रडत नव्हती, नुसती आण्णांकडं बघत होती, आणि आण्णा तिच्याकडं बघायचं टाळत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जे पाणी आपल्याला अजून धरायचंय त्याचं नाव घ्यायचं नसतं. ज्याची नावं घेतली ती पाणी आण्णांनी सोडून दिली होती. एक एक करून. माझ्या पुढ्यात. आणि मी ती सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते.

"पळसदेवच्या खाली," आण्णा पुढं सांगतच होते, "पानी उतरलं की जुन्या देवळाच्या अंगाला जायाचं. तितं होडीवाल्याला माजं सांग. झाली सा. आता सातवं..."

माझ्या तक्त्यात सहाच होती. सातव्याचं नाव मला आजही माहीत नाही.

"सातवं बारकं हाय. कुनाला ठावं न्हाय. तितंच तुला नेलं हुतं तवा. त्याचं नाव..."

"बास!" मी ओरडले. "आण्णा, बास! ते नाव घेऊ नका. गप्प बसा!"

आण्णा थांबले. तोंड उघडं होतं, तसंच मिटलं. मग खाटेवर कलंडले आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. वाटेत ते आईला "पानी दे" म्हणाले, दवाखान्यात नर्सला "व्हय" म्हणाले. आणखी काही बोलले असतील तर मी नव्हते. फॉर्म भरत होते.

ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. त्यात शिर्सुफळ आहे, बेडकाचं पिल्लू आहे, भांड्यांचा आवाज आहे. ज्या आवाजासाठी मी एवढं केलं तो, पाण्याशी बोलायचा आवाज, त्यात नाही. आणि शेवटी बापाला 'गप्प बसा' म्हणून सांगणारी मुलगी आहे. मी ते एकदाच पूर्ण ऐकलं. नंतर शेवटच्या जरा आधी बंद करते.

ऑपरेशन नीट झालं. मग गळ्याला लाईट दिली, रेडिएशनची, तीस-पस्तीस वेळा. आण्णा वाळून काटकी झाले. गळ्याला भोक, त्यावर मलमलचं फडकं. मी पाटी-पेन्सिल आणून दिली, पण सहीपलीकडं त्यांना काय लिहिणार? पहिल्या दिवशी त्यांनी पाटीवर नाव लिहिलं, स्वतःचं, आणि खाली ठेवली. मग खुणा. ताट सरकवलं की नको. मांडीवर दोनदा थापटलं की आईला बोलव.

चैत्रात एका पहाटे मला जाग आली तर आण्णा काठी घेऊन दारात उभे. मी काही बोलले नाही. ते वाटेला लागले. शंभर पावलांवर शेजारचे तात्या भेटले. ते आठ महिने मुलाकडं वालचंदनगरला होते, त्यांना ऑपरेशनचं कळलं होतं पण भोक बघितलं नव्हतं. सवयीनं बोलून गेले, "कुठं निघाला, आण्णा?"

आण्णांचे ओठ हलले. 'रानात' म्हणायला जसे हलतात तसे. आवाज कुठनं येणार? उत्तर अडलं. आण्णा माघारी फिरले. काठी वळचणीला लावली आणि ओट्यावर बसले. त्या दिवशी त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी दूध घालायला निघालेली भावकीतली एक सून होती. तिनं आपलं प्रेमानं विचारलं. आण्णा पुन्हा माघारी. मी स्वयंपाकघरातून बघितलं. आवाज गेला म्हणजे फक्त बोलणं गेलं असं मी समजत होते. आण्णांचं पाणी गेलं होतं. ती सहा त्यांनी स्वतः सोडली, आणि सातवं मी वाचवून ठेवलं असं मला वाटत होतं, तर तिथंही त्यांना जाता येत नव्हतं. जन्मभर पाळलेल्या नेमानंच त्यांना घरात कोंडलं होतं. आण्णा, नेम सोडा, असं म्हणायला माझी जीभ या वेळी उचलली नाही. आमच्या घरात कुणाला गप्प बसवायचं काम माझं झालं होतं, ते मी पुन्हा करणार नव्हते.

त्या रविवारी मी पहाटे उठले. न्हाणीमागची माती उकरली. डबा भरला. आईनं बघितलं, भाकरीवर ठेचा ठेवला, फडकं बांधलं, माझ्या हाताशी सरकवलं. काही विचारलं नाही. मी स्कूटी काढून दारात सुरू करून ठेवली आणि आण्णांकडं न बघता बसून राहिले. बराच वेळ गेला. मग गाडी मागनं दबली. काठी त्यांनी उभी धरली होती, टोक माझ्या डोक्यावर झुलत होतं. गळ्यातल्या भोकातून येणारा श्वास माझ्या मानेला लागत होता, सूं... सूं... गरम.

वळणावर तात्या होतेच. लोटा हातात.

"काय मॅडम, आज बापल्योक कुठं—"

मागं आण्णांचा पाय गाडीवरून खाली उतरायला लागला. मला ते कळलं, गाडी एका अंगाला कलली.

"रानात!" मी म्हटलं. मोठ्यानं. अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं.

"रानात व्हय? आन त्या काठीला काय वांगी लागत्यात काय गं?"

मी मागं बघितलं नाही. आण्णांचा पाय परत फूटरेस्टवर आला. मी गाडी वाढवली. तात्या काहीतरी ओरडत हसत होते, ते मागं राहिलं.

कालव्याच्या पुलाशी दोन रस्ते फुटतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. मी गाडी हळू केली. तोंडापर्यंत आलेला प्रश्न मी गिळला. पुलावर थांबून राहिले. खाली कालव्याला पाणी होतं.

मग माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं पडली.